चौथ्या खाटेवरचा घास

ता. ३ मार्च

ती. दादा व ती. सौ. वहिनी यांस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हा दोघांच्या नावाने लिहिते आहे, पण मनातून ते आपल्यासारख्या सगळ्यांना आहे. जे सर्वांच्या आधी येऊन चर्चचं कुलूप काढतात आणि सर्वांच्या शेवटी बाक पुसून घरी जातात, त्यांना. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं आजाऱ्यांची भांडी उचलली आणि ज्यांचं नाव मंडळीला फक्त काही चुकलं की आठवतं, त्यांना. राबायचं आपण, आणि कालपरवा आलेल्या माणसाने नुसतं हसून दाखवलं की सगळ्यांनी धावायचं त्याच्याकडे! दादा, तू तीस वर्षं उपदेश करतो आहेस, मी सव्वीस वर्षं शुश्रूषागृह सांभाळते आहे. आपल्याला हे दुखणं नवीन नाही. या वेळी ते घरातूनच आलं आहे, म्हणून जास्त झोंबतं.

चिमीबद्दल लिहिते आहे. आपल्या धाकट्या, लाडक्या चिमीबद्दल.

केस कापायचं दुकान बंद करून ती माझ्याकडे राहायला आली त्याला आठ महिने झाले. भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा चर्चमागच्या शुश्रूषागृहात ये, हाताला काम मिळेल, असं तिला मीच सांगितलं. माझीच बुद्धी! रोज दहा मिनिटं उशिरा येते. चादरीचे कोपरे तिला अजून दुमडता येत नाहीत; तिने घातलेली खाट पाहिली की वाटतं, तिच्यावर नुकतीच कुस्ती झाली. प्रार्थनेच्या वेळी डोळे सताड उघडे असतात. (ते मला कसं दिसलं, असं वहिनी विचारतील. दिसलं.) तरी सहाही खाटा तिच्यावर जीव टाकतात. पहिल्या खाटेवरच्या म्हाताऱ्या टपालवाल्याने पाच महिन्यांत मला 'हो' आणि 'नको' यांखेरीज तिसरा शब्द दिलेला नाही. तिच्याकडून मात्र तो मिशा कातरून घेतो आणि वर गाणं म्हणतो.

हेही मी गिळलं असतं. पण मोठ्या बाई?

वहिनींनी त्यांना एकदाच पाहिलं आहे, म्हणून सांगते. दोन खाटांवर हे शुश्रूषागृह त्यांनी सुरू केलं. पाठीवरचे व्रण कसे धुवायचे, मरणाऱ्या माणसाचा हात कसा धरायचा, हे मला बत्तिसाव्या वर्षी त्यांनी शिकवलं. मी लग्न केलं नाही, घर केलं नाही, जे काही केलं ते त्यांच्या मागे मागे चालत केलं. आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि आपल्याच शुश्रूषागृहातल्या चौथ्या खाटेवर पडून आहेत. स्मृती गेली आहे. अकरा महिने रोज मीच त्यांना न्हाऊ घालते, मीच वेणी घालते. आणि त्या मला 'नवी' म्हणतात. ही नवी कुठून आली, असं शेजारच्या खाटेला विचारतात. सव्वीस वर्षांनंतर, दादा! चिमीला मात्र 'माझी पोर'.

माझ्या हातून दोन चमचे सूप घेतात आणि ओठ मिटतात. दुपारी चिमी बसली की वाटी रिकामी. ती खाटेभोवतीचा पडदा ओढून घेते, आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येतो, आणि मी बाहेर थर्मामीटर पुसत उभी. आत काय चालतं कोण जाणे. विचारलं तर म्हणाली की काही नाही गं, आम्ही जेवतो.

मी याबद्दल प्रार्थना केली. पण खरं सांगायचं तर प्रार्थनेतही मी तिची तक्रारच करत होते. माझं काय चुकतं ते सांग. तुम्हा दोघांचा लोभ तरी दुसरीकडे वळू नये, एवढंच मागते.

तुमची,
ताई

---

ता. ९ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. तुझं काहीही चुकत नाही!

माझ्याकडेही एक चिमी आलेली आहे. मंडळीने मला मदतनीस पाळक दिला आहे, वय वर्षं अठ्ठावीस. बाह्या दुमडून व्यासपीठावर उभा राहतो, बारा मिनिटं बोलतो, त्यातली चार स्वतःच्या आईबद्दल. लोक हसतात, लोक रडतात. मी तीस वर्षं ग्रंथ चाळून, रात्रीचा दिवस करून, सात मुद्द्यांचा उपदेश उभा करतो आणि मागच्या बाकांवर लोक जांभया झाकतात. परवा एक वृद्ध बाई दारात माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की आज फार बरं वाटलं. मी आभार मानणार, तेवढ्यात त्यांनी पुढे विचारलं की तो मुलगा पुढच्या रविवारीही बोलणार ना. ताई, मी हो म्हटलं आणि हात सोडवून घेतला.

आपण कशाच्या बाजूने उभे आहोत ते नीट ओळखून घे. गोड वागणं म्हणजे प्रीती नव्हे. प्रीतीला कणा लागतो. रोज वेळेवर येणं, पाठ दुखत असताना वाकणं, कुणी पाहत नसताना कोपरा दुमडणं, यात तो कणा असतो. तो नसला की उरते ती लाडीगोडी, आणि लाडीगोडीने आजारी माणूस माणसाला चिकटतो, देवाला नाही. हे माझं मत नाही, तुमच्या मोठ्या बाईंचं आहे. दाराशेजारच्या पाटीवर त्यांच्याच अक्षरात नियम लिहिलेले मी पाहिले आहेत. सेवा उभ्याने करावी, रुग्णाच्या खाटेवर बसू नये. रुग्णाच्या ताटातलं खाऊ नये. आणि सर्वांत वर, ठळक: दर सोमवारी खाट बदलावी, कुणीही एका रुग्णाजवळ सात दिवसांहून अधिक राहू नये. किती शहाणी बाई! रुग्णाने माणसावर हक्क सांगू नये आणि माणसाने रुग्णावर.

पाळ्यांचा तक्ता तू लिहितेस. मग लिही! येत्या सोमवारी नियम लावून टाक. चिमीला धुण्याच्या खोलीत पाठव. कुणाचा अपमान नाही, कुणावर अन्याय नाही, फक्त नियम.

वाट पाहत बसू नकोस. आणि या भावावरची तुझी जुनी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

वन्सं, खालची चार ओळींची जागा मी मागून घेतली. यांनी गेल्या रविवारी मला मदतनिसाच्या वेळची आणि यांच्या वेळची डोकी मोजायला सांगितली होती. मी सांगितलं की मी देवाकडे बघायला येते, डोक्यांकडे नाही. तेव्हा वरचं पत्र वाचताना निम्मा राग यांचा स्वतःचा समजा आणि उरलेल्यावर विचार करा. तक्त्याची घाई नको. — वहिनी

---

ता. १८ मार्च

ती. दादा व ती. सौ. वहिनी यांस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. वहिनींनी सांगितलं तसं केलं नाही.

सोमवारी तेराला सकाळी नवा तक्ता दाराच्या आत लावला. चिमी धुण्याच्या खोलीत. चौथी खाट माझ्याकडे. तिने तक्ता वाचला, एप्रनचे बंद सोडले, पुन्हा बांधले, आणि फक्त एवढंच विचारलं की बाईंना कुणी सांगितलं का. मी म्हटलं की बाईंनीच लिहिलेला नियम आहे, त्यांना काय सांगायचं? ती हसली. ते हसणं मला सहन झालं नाही, दादा. रडली असती, भांडली असती तर मी कदाचित तक्ता बदलला असता.

दोन दिवस ती चादरी उकळत होती आणि मी चौथ्या खाटेपाशी उभी होते. सूप गाळून दिलं, गरम दिलं, कोमट दिलं. पाव दुधात भिजवून दिला. मनातल्या मनात म्हणत होते, घ्या ना बाई, माझ्या हातून एकदा घ्या. ओठ मिटलेले. हनुवटीवरून सूप ओघळायचं, मी पुसायची, त्या माझ्याकडे अशा बघायच्या जशी मी चुकीच्या घरात शिरले आहे. बुधवारी दुपारी चिमी धुण्याच्या खोलीतून ओल्या हातांनी आली आणि दारातून तिने मला खूण केली की बस, खाली बस. मला! सव्वीस वर्षांच्या माणसाला आठ महिन्यांचं माणूस शिकवणार!

मग मी बोलले. तुला ठाऊक आहे, मी बोलायला लागले की सभा जिंकते. सहा खाटा आणि तीन सेविका ऐकत होत्या. मी म्हटलं की काही माणसांना सेवा नको असते, त्यांना प्रेक्षक हवे असतात. की दुकान चालवायची सवय सुटत नाही, इथेही गिऱ्हाईक जमवायचं असतं. शेवटचं वाक्य फार चांगलं जमलं होतं. तोंडातून निघाल्यावर कळलं की ते मी आठवडाभर घासून ठेवलं होतं.

टपालवाल्याने भिंतीकडे तोंड केलं. चिमीने एप्रनची घडी घालून टेबलावर ठेवली. या एकदाच तिने कोपरे नीट जुळवले. गुरुवारच्या बसने ती तुमच्याकडे निघून गेली. पोचली असेलच.

आज शनिवार. डॉक्टर सकाळी येऊन गेले; नेहमीप्रमाणे मंगळवारी येतील आणि पुन्हा शनिवारी. पाच दिवसांत बाईंच्या पोटात थोडं दूध आणि पाणी, एवढंच गेलं आहे. डॉक्टर म्हणाले की या वयात शरीर फार थांबत नाही. पुढच्या शनिवारपर्यंत अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालायची, आणि बाई ती उपसून काढतील म्हणून हात बांधावे लागतील. ते हात, दादा!

तरी मी तक्ता बदलणार नाही. नियम योग्य आहे. तू म्हणालास, योग्य आहे. पुन्हा एकदा तसं लिहून पाठव, म्हणजे मला झोप लागेल.

आपली कृपा कमी झाली असेल तर तसं कळवू नये.

तुमची,
ताई

---

ता. २१ मार्च

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार.

दादाकडे मजेत आहे. वहिनीचे केस कापले, दादाच्या कानातले केस कापले, शेजारणीने आज सकाळीच दार वाजवलं. तू म्हणालीस ते खरंच असणार, गिऱ्हाईक जमवायची सवय सुटत नाही!

हा विनोद मी चार वेळा लिहून खोडला आणि पाचव्यांदा ठेवला. लागलं मला ते. खूप लागलं. पण काल तुझं पत्र आलं, दादाने मला वाचायला दिलं, आणि बाई जेवत नाहीत हे वाचल्यावर रुसून बसायला जमेना. म्हणून पडद्याआड काय चालायचं ते सांगते. आधीच सांगायला हवं होतं. तू थांबवशील म्हणून नाही सांगितलं.

ऑक्टोबरातली गोष्ट. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मी न खाताच आले होते. दुपारी बाईंना भरवायला उभी राहिले तर माझ्या पोटातून असा आवाज आला की तिसऱ्या खाटेवरची आजी जागी झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच होते, तुझ्यापुढे मिटतात तसेच. मग त्यांनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला, सूप भरलं, आणि माझ्या तोंडाशी धरला. अर्धं सांडलं. मी काय करणार? खाटेच्या कडेला टेकले आणि आ केला. त्यांनी मला भरवलं. दुसरा चमचा भरला आणि सहज, न बघता, स्वतः घेतला. मग पुन्हा मला. एक मला, एक त्यांना. वाटी संपली तेव्हा त्यांनी माझं तोंड पदराने पुसलं आणि विचारलं की पोट भरलं का गं.

तेव्हापासून रोज तेच. मी त्यांना एकदाही भरवलेलं नाही, ताई. त्याच मला भरवतात. मी काही तुमच्यासारखी वाचलेली नाही, पण मला वाटतं त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात घास घातला. आता कुणी वरून, उभं राहून त्यांच्या तोंडात चमचा घातला तर त्यांना लाज वाटत असेल. दिल्याशिवाय घ्यायची सवयच नाही त्या बाईला. तुलाही नाही, म्हणून तुला ते सुचलं नसणार. मला घ्यायची सवय आहे. लहानपणापासून मी तुझ्याच ताटातलं खात आले.

पडदा ओढायची, कारण पाटीवरचे दोन नियम एकदम मोडत होते, खाटेवर बसत होते आणि ताटातलं खात होते. तिसरा तर रोजच मोडत होता.

आणि 'माझी पोर' म्हणतात त्याचा फार त्रास करून घेऊ नकोस. माझं नाव त्यांना एकदाही आठवलेलं नाही. जो तोंड उघडेल तो त्यांची पोर.

आता माझंही ऐक. तू माझा हेवा केलास हे वाचून मला आधी रडू आलं आणि मग, देवा क्षमा कर, थोडं बरंही वाटलं. कारण मी जन्मभर तुझा केला. आई पाहुण्यांना सांगायची की थोरलीला देवाने बोलावलंय, आणि धाकटीला आरशाने. सगळे हसायचे, मीसुद्धा. शुश्रूषागृहात पहिल्या दिवशी तू घातलेल्या सहा खाटा पाहिल्या, सरळ, पांढऱ्या, एक सुरकुती नाही, आणि वाटलं की हिच्यासारखं मला कधी जमणार नाही. म्हणून कोपरे शिकलेच नाही. न शिकता हरणं बरं वाटतं.

तू एकदा बस त्यांच्यापाशी. बसायचं हं, उभं नाही. मी यायला तयार आहे, पण सगळ्यांसमोर घालवलंस, तेव्हा तक्त्यावर नाव तूच लिहायला हवंस.

माझ्यावरची माया शिल्लक असेल तेवढी पाठवून दे.

तुझीच,
चिमी

---

ता. २१ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

चिमीच्याच पाकिटात हे घालतो आहे. नियम योग्य आहे असं पुन्हा लिहून पाठवायला सांगितलंस. लिहिणार नाही.

तुझं पहिलं पत्र मी परत काढून वाचलं. तुझ्याच शब्दांत आहे: अकरा महिने रोज तू बाईंना न्हाऊ घालतेस, वेणी घालतेस. सात दिवसांचा नियम तुला अकरा महिने आठवला नाही, ताई. मलाही वाचताना दिसला नाही, कारण मला तो दिसायला नको होता. बाईंनी तो कुणी रुग्णावर मालकी सांगू नये म्हणून लिहिला. आपण तो मालकी परत मिळवायला वापरला. बुद्धी माझी, हात तुझा. मी तुला लिहीत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चिमी नव्हतीच. बाह्या दुमडलेला एक तरुण होता.

परवा रविवारी मी प्रीतीवर बोललो. पंचेचाळीस मिनिटं. प्रीतीवाचून सेवा म्हणजे रिकामी भांडी वाजवणं, हे असं काही रंगवलं की मागचा बाकसुद्धा जागा राहिला. घरी जेवताना चिमीने मीठ मागावं तसं विचारलं की दादा, बोलताना तुझ्या मनात कोण होतं? मी म्हटलं, कोण म्हणजे? ती म्हणाली की कुणीतरी असेल ना, ज्याच्यावर तू प्रीती करत होतास. मी पाणी प्यायलो. मनात कोण होतं ते मला पक्कं ठाऊक होतं: दुसऱ्या बाकावर बसलेला मदतनीस, आणि मी त्याच्याकडे बघत होतो की हे त्याला जमेल का.

तीस वर्षांत मला हा प्रश्न एकाही विद्वानाने विचारला नाही.

काल त्या मुलाला घरी चहाला बोलावलं. आवडला का? नाही आवडला. फार हसतो. पण त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे, हे मला पहिल्यांदा कळलं. त्याच्या बारा मिनिटांतली चार मिनिटं मी कधी ऐकलीच नव्हती, मोजली होती.

तू काय करावंस हे या वेळी सांगणार नाही. माझ्या सल्ल्याने एक म्हातारी उपाशी आहे. चिमीचं पत्र पुन्हा वाच.

तुझ्या लोभाची आता मलाच जास्त गरज आहे.

तुझा,
दादा

---

ता. २४ मार्च, शुक्रवार

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट काल दुपारी मिळालं. वाचून मला लाज वाटली असेल असं तुला वाटेल. आधी नाही वाटली. आधी मनात आलं की पाच महिने हिला हे ठाऊक होतं आणि हिने ते स्वतःकडे ठेवलं, म्हणजे बाई हिला एकटीलाच हव्या होत्या. मी पत्राची घडी करून एप्रनच्या खिशात घातली आणि ठरवलं की यात विशेष काही नाही, हे कुणालाही जमेल. तशाच रागाने सूपाची वाटी उचलली.

बसवलं नाही गं माझ्याने. सव्वीस वर्षं ज्या खोलीत उभी राहिले तिथे गुडघे वाकेनात. चमचा बाईंच्या हातात दिला, उभ्यानेच वाकले आणि आ केला. त्यांनी माझ्या तोंडात नीट डोकावून पाहिलं आणि विचारलं की कुठली दाढ दुखते. टपालवाला हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही मला!

मग मी बसले. खाटेच्या कडेला, पडदा न ओढता, सगळ्यांच्या देखत. गादी खाली दबली, बाई माझ्या बाजूला थोड्या कलल्या आणि त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. अकरा महिने मी त्यांना न्हाऊ घालते आहे, चिमे, पण त्या माझ्याजवळ बसल्या आहेत असं कधी झालं नव्हतं. मी नेहमी वरून. मला भूक नव्हती आणि त्यांना ते कळत असावं. त्या नुसत्या चमचा धरून बसल्या. मी शेवटचं कधी कुणाच्या हातून खाल्लं? आई गेली त्या वर्षी मला ताप आला होता, तेव्हा. त्यानंतर कुणावर तशी वेळ मी येऊच दिली नाही. हे आठवलं तेव्हा कुठे भूक लागली.

त्यांनी मला भरवलं. सूप गार होतं, मीठ कमी होतं. ते मीच केलेलं, सव्वीस वर्षं असंच करते आहे आणि कधी चाखलं नाही. पुढचा चमचा त्यांनी स्वतः घेतला. मग मला. मग त्यांनी. असे त्यांच्या पोटात तीन चमचे गेले, मी मोजले. तीन चमचे, अकरा दिवसांनंतर. मी एक सरळ वाक्यसुद्धा मनात जुळवू शकले नाही, आणि तुला माहीत आहे माझं तोंड कसं चालतं.

चौथा चमचा त्यांनी वाटीत ठेवून दिला. दाराकडे पाहिलं. मला विचारलं की माझी पोर जेवली का. मी म्हटलं, मी आहे ना बाई. त्यांनी माझा गाल थोपटला, फार मायेने, आणि म्हणाल्या की हो गं नवे, तू आहेस, पण ती कुठे आहे, ती उपाशी असेल. आणि ओठ मिटले. संध्याकाळी तसंच. आज सकाळी तसंच. त्या तुझ्यासाठी ठेवतात. पोरीने खाल्लं नाही तर त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

मला काय वाटलं ते सांगते, कारण आता लपवून काही उपयोग नाही. जळलं. तक्ता लावला त्या दिवशी जळलं होतं तितकंच. मत्सर गेला, मन निर्मळ झालं, असं मी सभेत सांगितलं असतं. तुला सांगणार नाही. तो इथेच आहे. हे पत्र मी त्याच्यासकट लिहिते आहे. पण वाट बघत बसले की आधी तो जाऊ दे, मग मी प्रीती करीन, तर बाई तोवर टिकणार नाहीत. उद्या शनिवार. संध्याकाळी डॉक्टर नळी घेऊन येतील.

आज सकाळी मी सगळ्यांसमोर तक्ता काढला. सहा खाटा, तीन सेविका, त्याच सगळ्या. म्हटलं की चिमीला मी नियमासाठी हलवलं नव्हतं, हेव्याने हलवलं होतं, आणि जे बोलले ते खोटं होतं. त्यावर आणखी दोन वाक्यं सुचली होती, चांगली होती, ती बोलले नाही. चौथ्या खाटेपुढे दुपारच्या पाळीत तुझं नाव माझ्या हाताने लिहिलं आहे. सकाळी मी न्हाऊ घालीन, ते माझ्याकडून काढून घेऊ नकोस. बसताना मला शेजारी जागा ठेव. नसेल जमत तर नको ठेवू, मी पायथ्याशी उभी राहीन.

हे पत्र टपालात टाकत नाही, दुपारच्या बसच्या वाहकाच्या हातात देते. त्याने शब्द दिला आहे की अंधार पडायच्या आत दादाच्या दारात पोचवीन. सामान राहू दे, वहिनी मागून पाठवतील. तुझ्या लोभावर सांगण्याइतका हक्क मला उरलेला नाही, तरी सांगते. उद्या सकाळी सातच्या बसमध्ये बस, घरून काही न खाता ये, आणि बारा वाजता बाईंसमोर तोंड उघड.

तुझी,
ताई